कुमक कुठून आली

आज कॅन्टीनमध्ये ताक सुरू झालं. आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडरातून येत नाही, स्टीलच्या टाकीतून येतो. एक दिवस जेवायला जावं तर भाताच्या शेजारी ती टाकी मांडलेली असते, तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमलेले असतात आणि रांगेतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणतात, "आलं बाई ताक." मग पाऊस नीट लागेपर्यंत ताक रोज असतं, आणि एके दिवशी कुणाला काही न सांगता टाकी नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधला जो काळ, तो आमचा उन्हाळा. आज मी ग्लास भरून घेतला, जिऱ्याचा वास आला आणि घोट काही घेववेना. शेजारची म्हणाली, "आंबट आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, चांगलं आहे." आणि ग्लास तिच्याकडे सरकवला.

तीन वर्षांपूर्वीच्या ताकाच्या दिवसांत आम्ही अंतराळात लढत होतो.

हसा खुशाल, आम्हीही हसायचो. चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या मशिनी, त्यांच्या शेवटी एक टेबल, टेबलावर मी. माझं काम तपासणीचं. हातात गेज असतं. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. दिवसभर हेच करणाऱ्या बाईचा स्वभाव कसा होतो हे माझ्या घरच्यांना विचारा. मला भाजीवाल्याची जुडीसुद्धा गेजमध्ये घालून बघावीशी वाटते. अशा माणसाला कुणी खेळायला बोलवत नाही, पंच म्हणून मात्र हमखास बोलावतात.

खेळ आणला नीलेशनं. नीलेश मेंटेनन्सचा, बीडकडचा, पंचविशीतला. तो इंटरनेटवर कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांबरोबर इंग्रजीत अंतराळातल्या लढाया खेळायचा. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. प्रत्येकानं एका आरमाराचा सेनापती व्हायचं आणि आपली जहाजं काय करताहेत ते लिहायचं. समोरच्यानं त्याला उत्तर लिहायचं. अख्खी लढाई शब्दांत. "ताई, तिकडची लोकं लईच सफाईदार लिहितेत," तो म्हणाला, "आपण मराठीत करू की." त्यानं फोनवर एक ग्रुप काढला आणि शिफ्टमधल्या दहाबारा जणांना त्यात ओढलं. आठवड्याभरात बाकीचे गळाले. उरले दोन सेनापती, नीलेश आणि मंगल. आणि त्यांची भांडणं सोडवायला मी.

मंगलबद्दल काय सांगू? ती इथलीच, खेड तालुक्यातली. चाळिशीला टेकलेली, अंगानं काटक, आवाजानं दणदणीत. कंपनीत पहिल्यांदा आली तेव्हा शेडच्या मधोमध उभी राहून पायानं फरशी ठोकून म्हणाली होती, "हितं आमचा कांदा व्हता." जमीन गेली, पैसे भावांनी वाटून घेतले, आणि ही त्याच जमिनीवर कॉन्ट्रॅक्टमध्ये उभ्यानं काम करत होती. नवरा टेम्पोवर. राहायला आमच्यासारखीच मोशीत, दोन गल्ल्या सोडून. माझ्याच टेबलावर ती माझी रिलिव्हर होती. म्हणजे मी पहिल्या शिफ्टला असले की साडेतीनला ती येऊन माझ्या हातातलं गेज घ्यायची. आठवडा बदलला की मी तिच्या हातातलं घ्यायची. लाइनचा नियम साधा आहे: रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पोटात कळ येऊ दे, बस सुटू दे, नाही सोडायची. चार वर्षांत मंगलनं मला पाच मिनिटंही ताटकळत ठेवलं नव्हतं.

खेळात मात्र ती महालबाड. नीलेशनं तासभर खपून तिची जहाजं चहूबाजूंनी घेरावीत, मोठ्या ऐटीत "आता शरण या" असं लिहावं, आणि मंगलचा निरोप यावा: "माज्या मावळणीकडची चाळीस जहाजं आत्ताच पोचली." नीलेश चिडून विचारी, कुठून पोचली? "लग्नाला आली व्हती, तशीच थांबली." दुसऱ्या दिवशी भावकीतली साठ जहाजं येत. तिसऱ्या दिवशी कुणा मामेसासऱ्याचं शंभराचं आरमार. नीलेश मला येऊन म्हणाला, "ताई, हिचं गणगोत संपतच नाही. असं कसं लढायचं?"

त्याचं खरं होतं. लढाईत जहाजं बुडण्यानं खेळ बिघडत नाही, जहाजं फुकट उगवण्यानं बिघडतो. ज्याला वाटेल तेव्हा वाटेल तेवढी मदत मिळते, त्याच्याशी लढण्यात काही राम नाही. म्हणून मी नियम केले. चौथीच्या इतिहासात आम्ही सगळ्यांनी वाचलेला शब्द घेतला: कुमक. प्रत्येकाला तीन तळ, प्रत्येक तळावर दहा जहाजं, त्याची यादी आधी माझ्याकडे गुपचूप जमा करायची. एक डाव म्हणजे एक शिफ्ट, कारण सेकंडवाला मशीनवर असताना फर्स्टवाल्यानं त्याचं आरमार बुडवणं मला पटत नव्हतं. कुमक मागितली की ती पोचायला एक अख्खी शिफ्ट लागणार. तोवर जे लढताहेत त्यांनी जागा सोडायची नाही. आणि कुमक मागणाऱ्यानं माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: कुठून, किती, मागे किती उरली?

हा शेवटचा प्रश्न माझा लाडका होता. तो मी लाइनवरून उचलला होता. एखादी लाइन मागे पडली की सुपरवायझर दुसऱ्या लाइनवरची दोन माणसं उचलून आणतो. इकडचा आकड्यांचा फळा भरतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तिकडे ढीग लागलेला असतो तो कुणी बघत नाही. मला त्याचा फार राग. कुमक आकाशातून पडत नाही, कुठून तरी उचललेली असते, आणि जिथून उचलली तिथं तेवढी जागा ओस पडते. हे मी ग्रुपवर असंच्या असं लिहिलं होतं. मोठी शहाणी मी! मंगलनं खाली लिहिलं, "बाई पोरगी बघाया आल्यावानी इचारती." पण यादी दिली. नीलेशच्या तळांना इंग्रजी नावं होती. मंगलचे तीन तळ: सासर, माहेर, कंपनी. दहा, दहा, दहा.

ताक सुरू होऊन आठवडा झाला असेल, आईला झटका आला. सकाळी चहाचा कप हातातून सुटला, ती कपाकडे नुसती बघत राहिली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डावी बाजू गेली. घरात मी आणि आई, दोघीच. लातूरहून दादा आला, दवाखान्याचे दिवस त्यानं काढले, आई घरी आल्यावर चौथ्या दिवशी गेला. त्याचीही नोकरी होती, त्याला दोष देत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले दोन महिने महत्त्वाचे. हातपाय रोज हलवले, माणूस जवळ राहिलं, तर उठतील. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं होतं. नऊ वर्षांनी. पावसाळ्यापर्यंत खाडा पडता कामा नये, असं मला बोलावून सांगितलं होतं.

टेबलापाशी साडेतीनला गेज देताना मी मंगलला हे सांगितलं. मागणं म्हणून नाही, नुसतंच सांगितलं. ती म्हणाली, "म्या येती सकाळच्याला. तू कामाला जा."

"आणि तुझी शिफ्ट बदलली की?"

"दुसरीच मागून घेती दोन म्हैनं. कोन न्हाई म्हनतंय? दुसरी मागून घ्यायला कुणी येत न्हाई."

ती हसली. मीही हसले. एवढंच. गेज माझ्या हातून तिच्या हातात गेलं आणि मी बसकडे पळाले. तिच्या सकाळी आधी कुठं जात होत्या, हे मी विचारलं नाही. मला हो म्हणायची फार घाई झाली होती.

त्या सकाळी मला अजून दिसतात. सहाला ती दारात. चपला बाहेर, पदर खोचलेला, आल्या आल्या आईला मोठ्यानं हाक: "काय म्हंता मावशी, उठला न्हाई अजून? सासू म्हंजी लई आळशी मिळाली बाई मला." आईला तेव्हा बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत हसू यायचं. मग गरम पाण्याचं भगुलं, त्यात आईचे पाय. मंगल पाय धुवायची ते बघण्यासारखं असायचं. एकेक बोट वेगळं करून मधली बेचकी पुसायची, तळवा उजेडाकडे वळवून बघायची, टाच अंगठ्यानं दाबून बघायची. मी एकदा डबा भरता भरता म्हटलं, "लुळ्या पायाला तेल लाव म्हणालेत डॉक्टर, इतकं काय निरखतेस?"

"सवय हाय," ती म्हणाली.

सवय कशी लागली, हेही मी विचारलं नाही. सव्वासहाची बस होती.

आई नंतर सांगायची, मंगल दिवसभर काय काय करते. कणीक मळून तिचा गोळा आईच्या डाव्या हातात द्यायची आणि म्हणायची, दाबा. त्या गोळ्यावर आईच्या बोटांचे ठसे उमटले का ते बघायची. पहिले पंधरा दिवस काही नाही. मग एक दिवस अंगठा उमटला, तर त्या ठशाची पोळी करून तिनं आईलाच भरवली. आणि सतत बोलायची. कशाबद्दल, तर स्वतःच्या आईबद्दल. आई तिकडे गावात दोन खोल्यांत एकटी राहते, कशी हट्टी आहे, साखर असून गुळाचा खडा कसा चोरते, भावांकडे जायला कशी तयार नाही. माझ्या आईची जीभ सुटली तेव्हा ती जे पहिलं लांबलचक वाक्य बोलली ते हे: "मंगलची आई लई गोड बाई आहे बघ." न पाहिलेल्या बाईबद्दल.

सव्वादोनला मंगल निघायची, मी घरी पोचेपर्यंत खालच्या काकू डोकावायच्या. साडेतीनला ती माझ्या टेबलापाशी. म्हणजे दिवसातून दोनदा ती मला मोकळं करायची, सकाळी घरातून आणि दुपारी लाइनवरून. तिला मोकळं करणारं कुणी होतं का? हा प्रश्न लाइनवर शिकलेल्या, नियम करणाऱ्या, मागे किती उरली विचारणाऱ्या बाईला एकदाही पडला नाही. गुरुवारी आमची सुट्टी. गुरुवारी ती आईकडे जाते एवढं मला माहीत होतं. तेवढं मला पुरेसं वाटलं.

आणि खेळ चालू होता. आता वाटतं, थांबवायला हवा होता; पण तेव्हा तोच काय तो विसावा होता. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, नाशिक रोडवरच्या कंटेनरांच्या रांगेत अडकलेलं असताना मी सेनापतींचे निरोप वाचायची. नीलेशनं मोठी चढाई काढली होती. गंमत म्हणजे मंगलची लबाडी थांबली होती. मावळण नाही, भावकी नाही. ती कुमक मागायची, कुठून ते सांगायची, मागे किती उरली ते सांगायची, आणि माझ्या यादीशी आकडा तंतोतंत जुळायचा. मला वाटलं, माझे नियम रुजले. मी ग्रुपवर तिचं कौतुकसुद्धा केलं, की खेळावं तर मंगलसारखं. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

कंपनीचा तळ लढाईत होता. सासरचा तळ ती हलवायची नाही. कुमक दर वेळी माहेराहून निघायची. आधी दोन, मग तीन. मग एक दिवस तिनं उरलेली पाचही मागवली. दुसऱ्या डावात नीलेशनं चढाई वळवली आणि रिकाम्या माहेरावर नेली. नियमानं बरोबर होतं. रिकामा तळ घेता येतो. मी निकाल दिला: माहेर पडलं. नीलेशनं फटाक्यांची चित्रं पाठवली. मंगलनं लिहिलं, "पडूंदे. नियम म्हंजी नियम."

त्यानंतर काही दिवसांनी, आई भिंतीला धरून पहिली चार पावलं चालली त्याच आठवड्यात, साडेतीनला मंगल आली नाही. मी टेबलापाशी उभी. पावणेचार, चार. बस गेली. सुपरवायझर माणूस शोधतोय, माझा जीव घरी, आणि मंगलचा फोन लागत नाही. मला तिचा इतका राग आला, की पाच वाजता सुटका झाल्यावर मी रिक्षात बसून तिला चार ओळी खरमरीत लिहिल्या. कळवायचं तरी असतं, असं काहीतरी. त्या ओळी अजून तिथं आहेत. तिचं उत्तर उशिरा आलं: "आय दवाखान्यात हाय. पायाला लागलंय. मावशीस्नी उद्या काकूस्नी बगाया सांग."

तिच्या आईच्या पायात काहीतरी रुतलं होतं. साखरेच्या माणसाला पायाची जाण नसते, कळलंच नाही. जखम चिघळली, काळी पडली, वर चढली. आठ दिवस दवाखान्यात होती. पाय काढायचा ठरला होता, त्याच्या आधीच गेली. त्या आठवड्यात पाऊस लागला आणि कॅन्टीनमधली टाकी नाहीशी झाली.

दहाव्याला मी गेले. नदीकाठी बायका एका बाजूला बसल्या होत्या. माझ्या शेजारी मंगलच्या आईची शेजारीण होती, मला ओळखत नव्हती. ती आपणहूनच बोलायला लागली. "लेक रोज यायची वो. फाट्यावर उतरून चालत. सकाळच्याला न्हाई जमलं तर सांजच्याला, पन रोज. सुई टोचायची, पाय धुवायची, बोट न् बोट बघायची. ह्या उन्हाळ्यात कुठं मोशीत सकाळचं काम धरलं म्हनं कुनाचं तरी. दोन म्हैनं निस्ती बेस्तरवारी यायची. सुई म्या टोचली, खोटं कशापायी बोलू? पन पाय कोन बघनार वो? आन् म्हातारी लेकीला दावायची न्हाई, लुगडं वढून बसायची. म्हनायची, दमून येती पोर."

समोर मंगल भावांच्या मागे उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हातानं विचारलं, मावशी कशा आहेत. मी मान हलवली. बऱ्या आहेत.

बसमध्ये मी फोन काढला. का काढला कोण जाणे. ग्रुपवर मागे मागे गेले. शेवटची कुमक मागितली तो निरोप सापडला. मंगलनं लिहिलं होतं, "कंपनीच्या तळाला कुमक पायजे." खाली मी, पंच: "कुठून?" ती: "माहेराहून." मी: "किती?" ती: "पाच." मी: "मागे किती उरली?" ती: "एक बी न्हाई." खाली माझा शब्द: "मंजूर." आणि निरोपाच्या कोपऱ्यात वेळ होती. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. त्या वेळी मंगल माझ्या घरात बसलेली असायची. माझ्या आईच्या पायाशी.

मी पंच म्हणून त्या उन्हाळ्यात एकही चुकीचा निकाल दिला नाही. हेच मला खुपतं. चूक सापडली असती तर तिच्यावर बोट ठेवून रडता तरी आलं असतं. नीलेशनं मला एकटीला निरोप पाठवला, "ताई, ती माहेराची चढाई रद्द करा की. मला कसंतरी होऊ लागलंय." रद्द केली नाही, पुढचा डावही लावला नाही. ग्रुप तसाच आहे, फोनच्या तळाशी गेलेला.

महिन्याभरानं मंगल कामावर आली तेव्हा मोशीच्या स्टॉपवर मी तिला गाठलं. ठरवून गेले होते काय बोलायचं, आणि तोंडातून भलतंच आलं. रागावल्यासारखं. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"की तू रोज जायचीस. की तिकडं कुणी नाही."

मंगलनं बस येतेय का ते वाकून पाहिलं. एक पाण्याचा टँकर गळत गळत गेला. मग म्हणाली, "तू इचारलं न्हाईस."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. मी गेज मागितलं आणि तिनं ते दिलं, इतक्या साधेपणानं ती बोलली. मग माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं असावं. माझा हात धरून म्हणाली, "आन् इचारलं असतंस तरी म्या खोटंच सांगितलं असतं. तुजी नोकरी जात व्हती. मावशी उटत व्हत्या. म्या काय सांगनार? खेळात तुजं खोटं चालत न्हवतं, म्हनून तितं खरं लिवलं."

बस आली. ती चढली. माझी शिफ्ट तेव्हा वेगळी होती. दाराच्या दांडीला धरून वाकून ती म्हणाली, "मावशीस्नी सांगू नगंस हां. त्यास्नी लागंल जिवाला. नुकत्या कुटं उटल्यात."

मी कायम झाले. माझ्या टेबलावर आता नाव आहे. मंगलचा कॉन्ट्रॅक्ट त्या दिवाळीत संपला. ती तळेगावच्या बाजूला दुसऱ्या कंपनीत लागली, तिकडेच खोली घेतली. फोन करते कधीमधी. दणदणीत बोलते, मावशींची चौकशी करते, नवऱ्याच्या टेम्पोला शिव्या देते. मी तिच्यासाठी काय करू शकते असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आता कशाला?" आणि विषय बदलला. त्या दोन शब्दांवर मी बरेच दिवस काढले. माफी मागायची म्हटलं तर ती कधी चिडलीच नाही. परतफेड करायची म्हटलं तर ज्या बाईला ती पोचायला हवी ती बाई राहिली नाही.

मला एक खोड मात्र लागली. कुणी मदतीला आलं की मी विचारते, तुझ्याकडे घरी कोण आहे आता? कुठून आलीस, मागे कोण ठेवलंस? लोकांना वाटतं, भोचक बाई आहे. शेजारच्या काकू तर परवा तोंडावर म्हणाल्या. म्हणोत.

आणि रोज सकाळी मी पाचला उठते. गरम पाण्याचं भगुलं, त्यात आईचे पाय. एकेक बोट वेगळं करून बेचकी पुसते, तळवा उजेडाकडे वळवते, टाच दाबून बघते. आईला साखर नाही. तिच्या पायांना काही होणार नाही. ती म्हणते, "किती बघायलीस? आहेत की जागेवर." आता ती काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते, डाव्या हातानं कणीकही मळते, वेडीवाकडी.

आज घरी येऊन मी म्हटलं, "कॅन्टीनमध्ये ताक सुरू झालं." आई खुर्चीत सरसावून बसली. दर उन्हाळ्यात तिला तिचं ते वर्ष आठवतं आणि दर उन्हाळ्यात ती तेच सांगते. मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला, पण तिनं सांगायचं ते सांगितलंच.

"मंगलला एकदा बोलाव की गं घरी. आणि म्हणावं, तुझ्या आईला पण घेऊन ये. दोन महिने त्या बाईनं लेक दिली मला. एकदा पाया पडू दे तिच्या."

"सांगते," मी म्हटलं.